घुमट ते घागर: कोकणातील अपरिचित वाद्ये आणि वस्तूंचे सॅम्पलिंग कसे करावे

सॅम्पलिंग म्हणजे वाद्याचे सुटे आवाज मुद्रित करून ते संगणकावर किंवा कीबोर्डवर वाजवता येतील असे मांडणे. बाजारात मिळणाऱ्या सॅम्पल लायब्ररींमध्ये, म्हणजे अशा आवाजांच्या तयार संचांमध्ये, तबला, ढोलक आणि पखवाज हमखास असतात, अलीकडे ढोल-ताशाही सापडतो. परंतु घुमट या मातीच्या वाद्याच्या मागच्या तोंडावर तळहात सरकताना खर्जात होणारी घसरण, सुपात कुळीथ पाखडताना उठणारी सळसळ किंवा नवरात्रात घागर फुंकताना निघणारा हुंकार त्यांत सहसा मिळत नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत असे आवाज अजून नित्याच्या वापरात आहेत आणि ते टिपण्यासाठी मोठ्या स्टुडिओची गरज नाही. गरज असते ती पूर्वतयारीची आणि वादकाच्या हाताकडे नीट पाहण्याची. या लेखात सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: पुष्कळ वाद्यांचा एकेक ठोका जमवू नये, मोजकी वाद्ये घेऊन प्रत्येकाच्या सर्व अवस्था टिपाव्यात. तापवलेले चामडे आणि दमट चामडे, उघडे तोंड आणि झाकलेले तोंड, पखवाजाला नुकती लावलेली कणीक आणि सुकलेली कणीक यांतला फरक हेच या आवाजांचे वैशिष्ट्य आहे. एका ठोक्यात तो मावत नाही.

काय निवडावे

निवड करताना वाद्य दुर्मीळ आहे की नाही यापेक्षा त्याचा आवाज किती प्रकारे बदलतो हे पाहावे. जांभा दगडाचे उदाहरण घ्या. कोकणात तो पावलोपावली आहे, दिसायलाही देखणा आहे, पण सच्छिद्र असल्यामुळे आघाताची ऊर्जा पिऊन टाकतो आणि बोथट ‘ठक’ यापलीकडे काही देत नाही. दोन-चार ठोके घेऊन त्याला सोडून द्यावे. उलट काळ्या पाषाणाची एखादी पातळ, घट्ट कपरी दोन दोऱ्यांवर टांगली, तर ती धातूसारखी निनादू शकते. तीच गोष्ट वाळलेल्या शेंगांची. बहाव्याची लांब शेंग, गुलमोहराची रुंद शेंग आणि शिरीषाच्या पातळ शेंगांचा घोस हे तिन्ही खुळखुळे आहेत, पण प्रत्येकाच्या आवाजाची जागा वेगळी आहे, त्यामुळे तिन्ही घेण्यात अर्थ आहे. समुद्रकाठच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या मूठभर घेऊन चोळल्या, तर त्यांतून मिळणारी कुरकुर ड्रमसेटमधल्या हाय-हॅट झांजेच्या जागी वापरता येते.

यादी करताना चार गट पुरेसे होतात: चामड्याची वाद्ये, धातूची वाद्ये, फुंकीची व घर्षणाची वाद्ये आणि घरातल्या वस्तू. प्रत्येक गटातून एकच वाद्य खोलात जाऊन घ्यावे, बाकीची पूरक म्हणून.

ऋतू, वेळ आणि जागा

कोकणात ध्वनिमुद्रणाचा पहिला शत्रू आर्द्रता आहे आणि दुसरा समुद्र. गाजेचा आवाज खालपासून वरपर्यंत सर्व कंप्रतांमध्ये (फ्रिक्वेन्सींमध्ये) पसरलेला असतो, त्यामुळे तो नंतर फिल्टरने काढता येत नाही. किनाऱ्यापासून आत, मध्ये एखादी टेकडी किंवा दाट बाग येईल अशी जागा शोधावी. सपाट पुळणीच्या गावात ओहोटीची वेळ साधल्यास लाटांची रेषा बरीच दूर जाते. दोन ओहोट्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, हे धरून वेळापत्रक आखावे. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे मतलई असतो आणि बहुधा मंद असतो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात माइक बाहेर काढणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ होय. त्यानंतर फाल्गुनात शिमगा येतो. ढोल, ताशे, कर्णे, शिंगे या काळात उत्तम स्थितीत असतात, वादकांचा हातही तापलेला असतो, परंतु पालखीच्या गर्दीत सुटे सॅम्पल घेणे अशक्य असते. त्या दिवसांत फक्त वातावरणाचे ध्वनिमुद्रण करावे. सुट्या ठोक्यांसाठी सण संपल्यावर लगेचचे दिवस मागून घ्यावेत, कारण वाद्ये अजून उतरवून ठेवलेली नसतात आणि माणसे मोकळी झालेली असतात.

पावसाळा अगदीच टाकाऊ नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बंदरावरचा इंजिनांचा आवाज थांबतो. किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकून ठेवलेली लाकडी होडी हे अशा वेळी एक प्रचंड वाद्य असते. मालकाला विचारून तिच्या बाहेरच्या अंगावर तळहाताने आणि कापड गुंडाळलेल्या मोगरीने ठोके द्यावेत, माइक आत ठेवावा. फायबरच्या होडीत हा आवाज मिळत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिंपासारखी वाजते. इरल्यावर पडणारा पाऊसही याच दिवसांत घ्यायचा: इरले दोन खुर्च्यांवर पालथे ठेवून माइक त्याच्या पोटात, कोरड्यात ठेवला की पानांच्या थरावरचा प्रत्येक थेंब सुटा ऐकू येतो.

घरात मुद्रण करताना फ्रिज, पंखा आणि इन्व्हर्टर बंद करावेत. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर घरघर येते, आणि मोठ्या चामडी वाद्यांचा खर्जही नेमका तिथेच असतो. गावात वीज गेली की वैतागण्याऐवजी रेकॉर्डर सुरू करावा.

साधने

हातात धरण्याजोगा एक रेकॉर्डर, दोन माइक, एक काँटॅक्ट माइक (वस्तूला चिकटवून तिची थरथर टिपणारा), केसाळ वारारोधक आणि हेडफोन एवढ्यावर काम भागते. मुद्रण २४ बिटमध्ये, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झवर करावे. ९६ चा उपयोग तेव्हाच, जेव्हा आवाज पुढे एक-दोन सप्तके खाली ओढायचा असेल. ४८ वर घेतलेला आवाज एक सप्तक खाली आणला, की १२ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही. मात्र माइकच २० किलोहर्ट्झच्या वर बहिरा असेल, तर ९६ ने फक्त फाइल जड होते. झूम एफ-३ किंवा साउंड डिव्हायसेस मिक्सप्री-३ च्या दुसऱ्या आवृत्तीसारख्या रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोटची सोय आहे. ताशासारख्या अचानक उसळणाऱ्या वाद्यासाठी ती फार कामाची असते, कारण रेकॉर्डरमध्ये आवाज फाटण्याची भीती राहत नाही. साध्या रेकॉर्डरवर सर्वांत जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा.

कंडेन्सर माइक दमट हवेत चरचरू लागतात. वापर संपताच ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत आणि गार खोलीतून एकदम दमट अंगणात आणू नयेत. सेनहायझरची एमकेएच मालिका रेडिओ-कंप्रतेच्या तत्त्वावर चालत असल्याने दमटपणा बराच सोसते, पण ती महाग आहे. एखादा डायनॅमिक माइक, उदाहरणार्थ शुअर एसएम-५७, ढोल आणि घुमटासाठी उत्तम चालतो. काँटॅक्ट माइक पिझोचा असेल, तर त्याला उच्च रोधाचे, साधारण एक मेगाओहमचे इनपुट लागते. साध्या माइक-इनपुटला जोडल्यास खर्ज गळून पडतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. मोबाइलवर काम करायचे असेल, तर डब्ल्यूएव्ही फाइल देणारे आणि आपोआप पातळी बदलण्याची व गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता येणारे ॲप निवडावे, अन्यथा प्रत्येक ठोक्याची शेपटी वेगळीच येते.

घुमट: एक वाद्य शेवटपर्यंत

घुमट हे दोन्ही बाजूंनी उघडे, मधे फुगीर असे मातीचे भांडे असते. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते आणि लहान तोंड मोकळे असते. वादक एका हाताने चामडे वाजवतो आणि दुसऱ्या हाताने मागचे तोंड उघडझाप करतो. गोव्यात ते शमेळ या चर्मवाद्यासह आणि झांजेसह आरतीत वाजते, आणि दक्षिण कोकणातही परिचित आहे. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला वारसावाद्य म्हणून जाहीर केले. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत, परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घोरपड संरक्षित आहे, त्यामुळे आता बकरीचे कातडे वापरतात. ‘जुने, अस्सल कातड्याचे’ म्हणून कोणी घुमट विकू लागल्यास ते घेऊ नये. बकरीचे कातडे तुलनेने जाड असल्याने ठोक्याची धार थोडी मऊ येते. ती इक्वलायझरने वाढवण्यापेक्षा माइक कडेकडे सरकवून मिळवावी.

माइक दोन लावावेत. पहिला चामड्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर, मध्याकडे तिरका रोखलेला, आणि दुसरा मागच्या तोंडापासून २० ते २५ सेंटिमीटरवर, तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता बाजूला. हात झाकताना तिथून हवेचा झोत निघतो आणि सरळ समोरच्या माइकवर आदळून धप्प असा आवाज करतो. दोन्ही माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवावेत आणि एकत्र ऐकताना एकाची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटी करून पाहावी. चामडे आणि मागचे तोंड खर्जात एकमेकांच्या विरुद्ध हवा ढकलत असल्यामुळे कधी कधी उलट्या पोलॅरिटीतच खरा खर्ज उभा राहतो. कोणती बाजू बरोबर हे कानाने ठरवावे आणि मग सर्व सॅम्पलसाठी तेच कायम ठेवावे.

आता ठोक्यांचा क्रम. मागचे तोंड पूर्ण उघडे ठेवून मध्यावर तळहाताचा ठोका. तोच ठोका तोंड पूर्ण झाकून. तोच अर्धे झाकून. नंतर कडेवरचा बोटांचा ठोका याच तीन अवस्थांत. मग बोटांची टोके एकामागून एक पाडून होणारी छोटी तडतड, आणि शेवटी मातीच्या अंगावर बोटाच्या पेराने केलेली टकटक, जी खर्जाच्या मध्ये भरण्यासाठी फार उपयोगी पडते. प्रत्येक ठोका पाच जोरांवर आणि प्रत्येक जोराचे सहा नमुने, म्हणजे एका प्रकाराचे तीस. हे कंटाळवाणे असते. वादकाला एकेक सुटा ठोका देणे अनैसर्गिक वाटते आणि पाच-सहा ठोक्यांनंतर त्याचा हात यांत्रिक होतो. म्हणून त्याला सावकाश लयीत, दोन ठोक्यांमध्ये तीन-चार सेकंदांची जागा सोडून वाजवायला सांगावे आणि जोर हळूहळू वाढवत न्यायला लावावा. नंतर कापणी आपण करावी. ‘तीन नंबरचा जोर’ असे सांगून काही साधत नाही. ‘घरात वाजवाल तसे’, ‘देवळात वाजवाल तसे’, ‘मिरवणुकीत वाजवाल तसे’ असे सांगितले की हात आपोआप बरोबर पडतो.

यानंतरचे काम बहुतेक लायब्ररींमध्ये राहून जाते: घसरणीचे ठोके. चामड्यावर ठोका पडतो आणि नाद चालू असतानाच मागचा तळहात तोंडावर सरकतो. स्वर खाली जातो किंवा हात काढल्यास वर उसळतो. ही घसरण सॅम्पलरमध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पिच-बेंडने, म्हणजे स्वर सरकवण्याच्या सोयीने, करता येईल असे वाटते, पण पिच-बेंडमध्ये सगळा आवाजच खाली सरकतो, तर प्रत्यक्षात चामड्याची धार जागेवर राहते आणि फक्त पोकळीचा स्वर हलतो. म्हणून उघड्याकडून झाकलेल्याकडे व झाकलेल्याकडून उघड्याकडे, जलद व सावकाश, असे चार प्रकार वेगळे घ्यावेत. शेवटी वादकाला त्याच्या आवडीची आरतीची चाल काही मिनिटे सलग वाजवू द्यावी. सुट्या ठोक्यांची मांडणी करताना मोजमाप म्हणून हीच फीत कामाला येते.

ढोल, ताशा, पखवाज: चामडे आणि दमट हवा

चामडे हवेतला ओलावा शोषते, सैल पडते आणि स्वर उतरतो, म्हणूनच वादक पेंढ्याच्या जाळावर ढोलाचे पान शेकतात. मुद्रणाच्या वेळी हा बदल हवाच असतो. शेकल्यावर लगेच एक पूर्ण संच घ्यावा आणि ढोल उतरू लागला की दुसरा. पुढे सॅम्पलरमध्ये एका नॉबने या दोन्हींमध्ये ये-जा करता येते आणि तोच ढोल कोरडा किंवा ओला वाजतो. ढोलाचा मुख्य माइक मीटरभर लांब ठेवावा, कारण अगदी जवळ माइक धरल्यास खर्ज कृत्रिमपणे फुगतो आणि लाकडी खोडाचा आवाज हरवतो. ताशाचे धातूचे भांडे आणि वेताच्या बारीक काड्या यांतून निघणारा आवाज अत्यंत तीव्र असल्याने माइक दीड मीटरपर्यंत मागे घ्यावा. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची सलग जलद तडतड, सुट्या ठोक्यांतून कधीही खरी वाटत नाही. ती तीन-चार लयींत सलग घेऊन तशीच ठेवावी.

पखवाज दशावतारात असतो. नमनखेळ्यांच्या मृदंगाचे तंत्रही याच घराण्यातले आहे. डाव्या बाजूला लावलेली ओली कणीक ताशीगणिक सुकत जाते आणि खर्ज वर चढतो. डाव्याचे सर्व ठोके कणीक लावल्यावर लगेच उरकावेत, उजवीकडचे नंतर घेतले तरी चालते. जाखडीच्या नाचातले पायांतले चाळही विसरू नयेत: ते नाचणाऱ्याच्या पायातच ठेवून, जमिनीच्या ठेक्यासह घ्यावेत. हातात घेऊन हलवलेले घुंगरू निर्जीव वाटतात.

झांज आणि घंटा

झांजेच्या उघड्या, दाबलेल्या आणि घासलेल्या अवस्था वेगळ्या घ्याव्यात आणि सॅम्पलरमध्ये त्यांना एकाच चोक-गटात टाकावे, म्हणजे दाबलेला ठोका उघड्याची शेपटी आपोआप कापतो. घंटेबाबत घाई करू नये. मोठ्या घंटेचा नाद अर्ध्या मिनिटापर्यंत चालू शकतो आणि तो खोलीच्या शांततेत पूर्ण विरेपर्यंत कोणी हलू नये. टोलाबरोबरच कापडी, लाकडी आणि रबरी मोगरीनेही ठोके घ्यावेत. घंटेचा आकार अगदी समतोल नसल्यास दोन जवळच्या कंप्रता एकदम निघतात आणि नाद लाटेसारखा हेलकावतो. तो दोष समजून काढू नये. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मिळालेल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत टांगलेल्या आहेत. युरोपीय घडणीच्या घंटेच्या नादात कोमल गंधाराची छटा असते, त्यामुळे शुद्ध गंधाराच्या रागात तो सॅम्पल वापरला तर खटकतो. देवळाच्या घंटेसाठी पुजारी, गुरव किंवा विश्वस्त यांची संमती घ्यावी आणि पूजेच्या वेळा सोडून जावे.

तारपा आणि थाळी

उत्तर कोकणातला वारली समाजाचा तारपा भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा भोंगा यांचा बनलेला असतो. जोड मेणाने बुजवलेले असतात. भातकापणीच्या सुमारास तो वाजू लागतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे त्याचे सर्वपरिचित वादक आहेत. वादक श्वास न तोडता वाजवतो, त्यामुळे प्रत्येक स्वराची लांब, अखंड धून मिळते आणि लूप बनवणे सोपे जाते. तरी लूप एका श्वासाच्या आत न कापता दाबाच्या दोन-तीन लहरी सामावतील एवढा लांब ठेवावा, अन्यथा आवाज हार्मोनियमसारखा सपाट होतो. भोंग्यासमोर एक आणि भोपळ्याजवळ एक असे माइक लावावेत. भोपळ्याजवळचा माइक पात्यांची खरखर पकडतो. तारप्याला पियानोच्या सुरांत ओढून बसवण्याचा मोह टाळावा. त्याचे स्वर जिथे आहेत तिथेच ठेवून गाण्याचा आधारस्वर त्याच्याशी जुळवावा, हे माझे ठाम मत आहे.

याच भागात कथागायनाच्या साथीला थाळी वाजते. पालथ्या धातूच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात आणि काडीवरून बोटे खाली ओढतात. घर्षणाने थाळी घुमू लागते. ऐकणाऱ्याला हा आवाज सिंथेसायझरचाच वाटावा इतका सलग आणि धातुमय असतो. येथे काँटॅक्ट माइक थाळीच्या काठाला लावावा आणि हवेतला दुसरा माइक हातभर अंतरावर ठेवावा.

घागर, सूप आणि स्वयंपाकघर

आश्विन शुद्ध अष्टमीला अनेक चित्पावन घरांत महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. घागरीतला हुंकार हा आतल्या हवेच्या पोकळीचा स्वर असतो आणि पोकळी लहान केली की तो चढतो. घागर पाण्याने निम्मी भरली, तर आतली हवा निम्मी होते, कंप्रता साधारण १.४१ पट होते, म्हणजे षड्जावरून तीव्र मध्यमापर्यंत. पाऊण भरली, तर वरचा षड्ज मिळतो. गंमत अशी की त्याच घागरीच्या अंगावर टिचकी मारली, तर पाणी वाढवल्यावर स्वर उतरतो, कारण पाण्याने धातूच्या भिंतीला वजन येते. जलतरंग याच गुणावर लावतात. त्यामुळे एका घागरीतून पाणी बदलत दोन उलट्या दिशांनी जाणाऱ्या स्वरमालिका मिळतात. फुंकीचे सॅम्पल घेताना माइक फुंकरीच्या वाटेत न ठेवता घागरीच्या काठाच्या मागे, थोडा वर ठेवावा. फुंकरीचा सूं आणि पोकळीचा हुंकार यांचे प्रमाण माइक वर-खाली करून ठरवता येते.

सूप हे माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तालवाद्य आहे. त्यात तीन क्रिया असतात आणि तिन्हींचा आवाज वेगळा असतो. पाखडताना धान्य उसळते आणि परत पडते, त्यामुळे क्षणभर शांतता आणि मग स्पष्ट ‘चक’ असा ठोका मिळतो. आसडताना झटक्याने धान्य पुढच्या कडेला आपटते. हा सर्वांत तीक्ष्ण आवाज. घोळताना ते गोल फिरत राहते आणि न तुटणारी सळसळ देते, जी लूपसाठी योग्य आहे. भात हलके आणि कोरडे वाजते, कुळीथ टणक, उडीद त्याहून गोलसर. वेळूचे नवे सूप कर्कश असते, शेणाने सारवलेले जुने सूप मवाळ. पाखडण्यात मुरलेल्या हाताला लयीचे काही शिकवावे लागत नाही. फक्त धान्य मूठभरच ठेवायला सांगावे, कारण सूप भरलेले असले की धान्य धान्यावर पडते आणि ठोका मरतो. माइक डोक्याच्या उंचीवर, समोरून खाली रोखलेला असावा. कोंडा उडत असल्याने त्यावर पातळ फडके टाकावे.

जमिनीत पुरलेल्या व्हायनात (उखळात) मुसळ पडते तेव्हा आवाजाचा मोठा भाग जमिनीतून जातो. काँटॅक्ट माइक व्हायनाच्या दगडाला मेणाने चिकटवला, की किक-ड्रमला पुरेल एवढा खर्ज मिळतो. जात्याची घरघर, पाट्यावरचा वरवंटा, विळीवर नारळ खवताना होणारी खसखस हे सर्व जाता जाता घ्यावे. करवंटीच्या दोन वाट्या पालथ्या आपटण्यात नवीन काही नाही, मात्र करवंटीच्या काठावरून राळ लावलेला व्हायोलिनचा गज ओढला, तर अनपेक्षित किंकाळी निघते.

जागेचा आवाज

वाद्याबरोबर जागाही उचलता येते. जांभ्याची विहीर, कौलारू सभामंडप किंवा रिकामी भाताची कोठी यांचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्या जागेच्या घुमण्याचा ठसा, घेऊन तो कोणत्याही सॅम्पलवर रिव्हर्ब (घुमारा) म्हणून लावता येतो. फुगा फोडण्याची पद्धत झटपट असली, तरी फुग्याचा खर्ज दुबळा असतो. चांगला मार्ग म्हणजे बॅटरीवरच्या स्पीकरमधून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा पंधरा-वीस सेकंदांचा स्वर वाजवून तो जागेत मुद्रित करणे आणि रीपर प्रणालीतल्या रीआव्हर्बसारख्या साधनाने त्यातून रिस्पॉन्स काढणे. विहिरीत माइक सोडताना तो केबलवर लोंबकळत ठेवू नये. वेगळी दोरी बांधावी. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील किल्ले आणि लेणी येथे स्टँड लावण्याआधी परवानगी लागते.

कापणी आणि मांडणी

प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ठेवावी. गोंगाट कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती नमुना म्हणून लागते. तरीही रातकिडे किंवा वाऱ्याचा आवाज पूर्ण पुसण्याचा हट्ट धरू नये, कारण अति सफाईने ठोक्याची शेपटी पाण्याखाली ऐकल्यासारखी होते. कापताना सुरुवात ठोक्याच्या अगदी आधी, सुमारे एक मिलिसेकंदावर ठेवावी, आणि एका ठोक्याच्या दोन्ही माइकच्या ट्रॅकवर काप एकाच जागी असावा. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. लांबच्या माइकचा उशीर हीच खोलीची जाणीव असते, म्हणून तो सरळ करू नये. सर्व सॅम्पल एकाच पातळीवर आणण्याची नॉर्मलाइझ ही आज्ञा वापरू नये, अन्यथा हलका आणि जोराचा ठोका यांतला फरक नाहीसा होतो.

फाइलच्या नावात वाद्य, प्रहार, अवस्था, जोर आणि नमुना क्रमांक याच क्रमाने असावेत, जसे घुमट_मध्य_झाकलेले_ज३_०२. प्रत्यक्षात हे रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता लिहावे, कारण काही सॅम्पलर देवनागरी नावांवर अडखळतात. माइकचे अंतर, हवामान आणि शेकल्यापासून गेलेला वेळ वहीत टिपावा.

मांडणीसाठी डीसेंट सॅम्पलर किंवा एसएफझेड हे सॅम्पल-मांडणीचे फाइल-स्वरूप वाचणारा स्फोर्झांडो पुरेसा आहे. दोन्ही मोफत मिळतात. मिडीची (कीबोर्ड आणि संगणक जोडणाऱ्या संकेतांची) व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १ ते १२७ असते. तिचे पाच समान तुकडे न करता वरचे तुकडे अरुंद ठेवावेत, म्हणजे सर्वांत जोराचा ठोका क्वचितच लागतो, जसा खऱ्या वादनात लागतो. सहा नमुने राउंड रॉबिनमध्ये आळीपाळीने वाजवावेत. घुमटाच्या उघड्या, अर्ध्या आणि झाकलेल्या अवस्था कीबोर्डच्या मॉड्युलेशन-व्हील या चाकावर लावाव्यात, घसरणीचे चार प्रकार शेजारच्या पट्ट्यांवर. मग आरतीची सलग फीत लावून तिच्याबरोबर सॅम्पल वाजवून पाहावेत. जिथे हात अडतो तिथे कोणती तरी अवस्था घ्यायची राहिली आहे असे समजावे आणि तेवढ्यासाठी परत जावे.

संमती आणि मोबदला

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ नुसार वादकाला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. तेव्हा मुद्रणाआधीच साध्या मराठीत एक पान लिहून घ्यावे: कोणते आवाज घेतले, ते स्वतःच्या गाण्यात वापरायचे की सॅम्पल म्हणून विकायचे, वादकाचे नाव कुठे छापले जाईल, आज किती पैसे दिले आणि विक्री झाल्यास पुढे किती. सुटे ठोके आणि सलग चाल यांची संमती वेगवेगळी मागावी, कारण सलग चाल ही त्याची किंवा त्याच्या गावाची रचना असू शकते. काही वाद्ये देवाच्या मानाची असतात आणि ठरावीक दिवसांखेरीज उतरवत नाहीत. मानकऱ्यांनी नाही म्हटले तर तिथेच थांबावे. काम झाल्यावर वादकाला पूर्ण मुद्रणाची प्रत द्यावी, आणि ती सॅम्पलरच्या फाइलींची नको: त्याच्या सलग वादनाची एमपी-३ फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, कारण व्हॉइस मेसेज म्हणून पाठवल्यास घुमटाचा खर्ज वाटेतच गळतो.